तंगाचा टाका

खालच्या बाजूला दोऱ्याचे फासेच फासे लोंबत होते. सदाशिवने पट्टा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला, मग सुलटा केला, मग पुन्हा उलटा. वरून बघावं तर टाका बरा. खालून बघावं तर कोंबडीने उकरल्यासारखा गुंता. सकाळपासून असे किती तुकडे वाया गेले होते ते पायाशी पडलेल्या ढिगावरून कळत होतं.

त्याने सुई वर घेतली, दोरा कापला आणि बसल्या जागी पाठ मागे ताणली. पाठीत कट् झालं.

कार्तिक लागला होता. तेलीबागेच्या गल्लीत दुपारी ऊन बरं वाटायला लागलं होतं आणि पहाटे नहरेच्या कालव्यावरून धुकं सरकत यायचं. एकादशी जवळ आली होती. या उत्तरेकडच्या गावात देवउठनी एकादशीला देव उठले की लग्नं सुटतात. या लग्नसराईला सहालग म्हणतात. मग बँडवाले, दिवेवाले, घोडीवाले यांना खोकायला सवड नसते. छुट्टन घोडीवाल्याची मैना नावाची पांढरी घोडी एकादशीच्या संध्याकाळच्याच वरातीला ठरली होती, आणि तिचा तंग जुना होऊन चिरला होता. तंग म्हणजे खोगीर घोडीच्या पोटाखालून आवळून धरणारा पट्टा. तो सुटला तर खोगीर फिरतं, आणि खोगीर फिरलं की वरचा माणूस खाली. वरचा माणूस म्हणजे नवरदेव.

छुट्टनचे तंग, लगाम, बग्गीचे पट्टे, सगळं आजवर या घरात शिवलं होतं. म्हणजे सदाशिवच्या बायकोने, कांचनने शिवलं होतं.

कांचनचा बाप कोल्हापुरात खोगिरं करायचा. ती लहानपणापासून त्याच्या मशीनशी खेळली. सदाशिव रेल्वेच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटा मढवायच्या खात्यात होता. तिथल्या भंगाराच्या लिलावातून हे मशीन त्याने उचललं, तेव्हा लोक हसले होते. काळं, ओतीव लोखंडाचं, एकट्याने हलत नाही असं धूड. कांचनने आठ दिवस त्याला रॉकेलने धुतलं आणि ते चालू केलं. तेव्हापासून घरातली वाटणी ठरून गेली. कातडं निवडायचं, कापायचं, कडा घासायच्या, भोकं पाडायची, ते सदाशिवचं. टाका कांचनचा. पेन्शनीत आल्यावर तो दिवसभर तिच्यासमोर पाटावर बसायचा आणि कापलेला पट्टा पुढे करायचा, ती न बघता हात पुढे करून घ्यायची. गणपतीत महानगर मोहल्ल्यातली मराठी मंडळी भेटली की "वहिनी काय करतात हल्ली?" असं विचारत. "शिवणकाम," एवढंच सदाशिव सांगायचा. कसलं शिवणकाम ते पुढे कुणी विचारत नसे आणि सदाशिवही सांगत नसे. कांचन मात्र एकदा भर आरतीच्या रांगेत म्हणाली होती, "घोड्याचं शिवते. तुमचा घोडा असला तर सांगा."

भाद्रपदात ती गेली.

मशीनवर तिच्या मागे तो पहिल्यांदा बसला तो छुट्टनच्या तंगासाठी. आणि मशीन फासे टाकत होतं.

शेवटी त्याने मिस्त्री बोलावला. रामसजीवन मिस्त्री आलमबागेहून सायकलवर आला, चहा प्याला, तुकड्यावर नजर टाकली आणि हसला.

"चचा, कुछ नहीं है. ऊपर का धागा ढीला जा रहा है, इसलिए नीचे झूल रहा है. नट कस देते हैं, छुट्टी."

मशीनच्या तोंडाशी दोन चकत्यांमधून वरचा दोरा जायचा, आणि त्या चकत्या दाबून धरणारा एक गोल खाचेचा नट होता. त्यावर दोऱ्याचा सगळा ताण. मिस्त्रीने हात नेला तसा सदाशिवने त्याचं मनगट धरलं.

"नट को हाथ नहीं लगाना."

"काहे?"

"नहीं लगाना."

"अरे, कसेंगे नहीं तो खिंचाव आएगा कहाँ से?"

"और कुछ देखो. सुई देखो. नीचे की शटल देखो."

रामसजीवनने मनगट सोडवून घेतलं आणि चोळलं. "मरीज़ के पेट में दर्द है और आप कह रहे हैं घुटना देखो. और ये टाँका भी इतना छोटा काहे रखे हैं? ये लीवर..."

"लीवर भी नहीं."

"तो हमको बुलाए काहे? चाय पिलाने?" तो उठला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. दारात थांबून मशीनकडे बघितलं, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे, आणि गुमान सायकलवर बसला. पैसे द्यायला सदाशिव मागे धावला तर हातानेच नको म्हणाला. ते सदाशिवला जास्त लागलं.

परत येऊन तो मशीनसमोर उभा राहिला. नटाच्या कडेला मेणाचा एक पुसट ठसा सुकून बसला होता. कांचन दोऱ्याला मेण लावायची, तेच बोट नटाला लागायचं. नट जिथे तिने सोडला तिथेच होता. टाक्याची लांबी ठरवणारा बाजूचा लीव्हरही तिथेच. त्याने रोज फडकं मारलं होतं, तेही एवढी जागा वगळून. तिच्या साड्या लेकीने, मुक्ताने, देऊन टाकल्या, औषधं फेकली, खाट बाहेर काढली. तिच्या हाताने ठेवलेलं आणि अजून तसंच असलेलं घरात हेच एक उरलं होतं. तिने लावून ठेवलंय ते बरोबरच असणार. चूक असेल तर आपली. सुईत असेल, दोऱ्यात असेल.

मग त्याने दोरा बदलला. जाडा नायलॉन काढून टाकला आणि खणातलं बारीक रीळ लावलं. सुई बारीक घेतली. दोरा चकत्यांत शिरायच्या आधी खुंटीला एक वेढा जास्त दिला, म्हणजे तेवढाच अडेल. हातचाक फिरवून पाहिलं. दोन टाके, चार टाके. उलटं केलं.

फासे गेले होते.

त्याने पायाने चालवलं. टाके मोहरीच्या दाण्यांसारखे एकामागे एक बारीक, घट्ट, सरळ पडत गेले. इतका देखणा टाका त्याच्या हातून पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. दोरा बारीक आहे, तर जोर कमी पडायला नको, म्हणून बकलाजवळ दोन ओळी असतात तिथे त्याने चार घातल्या. अगदी खेटून. संध्याकाळी मुक्ता कामावरून आली तेव्हा तंग खिळ्याला टांगलेला होता आणि सदाशिव पिठलं करत होता.

"बन गया?" तिने हेल्मेट काढत विचारलं.

"झालं तर. बघ टाका."

तिने बोट फिरवलं. "कितना महीन है. आईसारखा."

त्या दिवशी त्याने एक भाकरी जास्त खाल्ली.

---

एकादशीच्या आदल्या दुपारी तो तंग घेऊन नहरेपलीकडे छुट्टनच्या तबेल्यात गेला. मैनेला धुऊन उन्हात बांधलं होतं. आयाळीला मेंदी लावून ठेवली होती आणि त्यावर माश्या बसत होत्या. छुट्टन पोट सावरत बाहेर आला. भरपूर माणूस. त्याच्या बायकोने खाटेवर पानाचा डबा उघडला होता, शेजारचे दोघेतिघे असेच टेकले होते.

"आइए चचा, आइए! चची के बाद पहला काम है आपका. दिखाइए." त्याने तंग डोळ्यांशी नेला. "वाह. ये तो चिकनकारी कर दी आपने."

सगळे हसले. सदाशिवही हसला.

छुट्टनने खोगीर चढवलं, तंग पोटाखालून घेतला, दोन्हीकडची बकलं आवळली. मैनेने पोट फुगवलं, त्याने गुडघा मारून ते आत घेतलं आणि अजून एक भोक आवळलं. "अब देखिए, दूल्हा तो सीढ़ी लगा के चढ़ेगा. हम ऐसे ही चढ़ेंगे. हमें झेल गई तो दूल्हे को झेल जाएगी." रिकिबीत पाय घालून त्याने अंग वर उचललं. सगळं वजन एका बाजूला आलं.

आवाज फारसा झाला नाही. जुनं वर्तमानपत्र घडीवर फाटावं तसा. खोगीर मैनेच्या पोटाकडे फिरलं, छुट्टनचा पाय रिकिबीत, हात हवेत, आणि तो लिदीच्या ओल्या गवतावर बुडावर बसला. मैना दोन पावलं बाजूला सरकली, तिने मान वळवून खाली बघितलं.

मग छुट्टनची बायको पानाचा डबा मांडीवरून सांडेपर्यंत हसली.

"या अल्लाह! घोड़ी ने नहीं गिराया, तंग ने गिराया!"

छुट्टन उठला. मागून सगळा भिजला होता. त्याने लोंबणारा तंग हातात घेतला. बकल एकीकडे, पट्टा एकीकडे. त्याने फाटलेली कड सदाशिवसमोर धरली.

"चचा, ये तंग है कि डाक-टिकट? जहाँ छेद, वहीं से फाड़ लो!"

टेकलेले लोक आता मोकळेपणी हसले. एकाने विचारलं, "कितने का टिकट है चचा? दिल्ली पहुँचेगा?"

सदाशिवने कड हातात घेतली. दोरा एकही तुटला नव्हता. कातडंच गेलं होतं, टाक्यांच्या रेषेवरून, सरळ. बारीक बारीक भोकं इतकी जवळ होती की मधे धरून ठेवायला कातडं उरलंच नव्हतं. आणि त्याने जोर यावा म्हणून तशाच चार ओळी घातल्या होत्या.

"हँसो मत बे," छुट्टन लोकांवर ओरडला. मग सदाशिवकडे वळून, हळू आवाजात, पण तो हळू आवाज जास्त वाईट होता: "कल शाम को इस पर किसी का लड़का बैठता. सेहरा बाँधे. ऐसे गिरता सबके सामने, सड़क पर. सिर फूटता तो? मैं क्या मुँह दिखाता? चची होतीं तो..." तो थांबला. पायजम्याचा ओला भाग अंगापासून धरून उभा राहिला. "देखिए चचा. कल दोपहर तक बन जाए तो ठीक. नहीं तो नख्खास बाज़ार से ले आऊँगा. और फिर आगे का भी वहीं से. बाकी घोड़ीवाले भी मुझी से पूछ के काम देते हैं, आप जानते हैं. बुरा मत मानिए."

"नाही," सदाशिव म्हणाला. मग लक्षात येऊन हिंदीत म्हणाला, "नहीं."

नहरेच्या कडेने तो परत निघाला. काखेत फाटका तंग. पाणी कमी झालं होतं, काठावर प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटल्या होत्या. त्याला भराभर चालायचं होतं आणि घरी पोचायचं नव्हतं. पुलावर तो थांबला, पुन्हा चालला, चहाच्या टपरीशी थांबला, चहा न घेताच निघाला. मशीन विकून टाकावं. भंगारातून आलं होतं, भंगारात जाईल. मुक्ता कधीची म्हणतेय, मशीनची खोली भाड्याने देऊ. पण मशीन गेलं तर दिवसभर कुठे बसायचं? पाटावर? कुणासमोर?

---

मुक्ता विकास नगरात एका दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायचं, नंबर लावायचं काम करायची. दिवस मावळायला ती आली, तेव्हा सदाशिव दिवा न लावताच खाटेवर बसला होता.

"क्या हुआ? छुट्टन ने लिया नहीं?"

"फाटला."

"धागा टूटा?"

"धागा कुठला तुटतोय. कातडं फाटलं. छुट्टन पडला."

"चोट आई?"

"नाही. लिदीत पडला."

तिने ओठ दाबले. मग बापाचा चेहरा बघून दिवा लावला आणि खांद्यावरची पर्स काढून खाटेवर टाकली. त्याच्या मांडीला ती लागली. मऊ कातड्याची, विटकरी रंगाची. त्याने सहज बाजूला करायला उचलली आणि हात तसाच राहिला.

कडेला टाके होते. मोहरीच्या दाण्यांसारखे. बारीक, जवळ जवळ.

त्याने फाटका तंग ओढून घेतला आणि पर्सच्या कडेशी लावला. अंगठ्याच्या नखाने इकडचे दोन टाके, तिकडचे दोन टाके. तंतोतंत.

"ही कुणी शिवली?"

मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "आईने."

"कधी?"

"बाबा, जाऊ द्या ना."

"कधी, विचारतोय."

"जब आप अस्पताल में रिपोर्ट की लाइन में खड़े थे. भरती होण्याच्या आधी." ती आत न जाता तिथेच चौकटीला टेकली. "उसको बैठना मना था. मला म्हणाली, बाबांना सांगू नको, ओरडतील. आधी बसली, मग दमून माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, मग परत बसली. बोली, ऑफिसला नीट पर्स पाहिजे तुला, ते रेक्झिनचं नको."

"म्हणजे शेवटचं हे शिवलं तिने."

"हो. उसके बाद तो उठी ही नहीं."

सदाशिवने पर्स उघडली, आतली शिवण बघितली, बंद केली. हरणाच्या कानासारखं पातळ कातडं. त्याला बारीक सुई, बारीक दोरा, ढिला ताण आणि आखूड टाका. अगदी बरोबर. पर्सला अगदी बरोबर. आणि आपण नट, लीव्हर तसेच ठेवून घोडीचा तंग शिवला. म्हशीचं दुपदरी कातडं.

"मला वाटलं तिने लावून ठेवलंय," तो म्हणाला.

"क्या?"

"नट. तिच्या हातचा आहे म्हणून फिरवला नाही. मिस्त्रीला पण लावू दिला नाही हात."

मुक्ताला हसू आलं की रडू ते तिचं तिलाच कळलं नसावं. ती येऊन त्याच्या शेजारी खाटेवर बसली.

"बाबा, आई तो दिन में दस बार घुमाती थी उसको. आप सामने बैठते थे, देखा नहीं कभी?"

"मी कातड्याकडे बघायचो."

"चपलेचा पट्टा आला की घुमाया. दप्तर आलं की घुमाया. गाली देती थी उसको."

"काय म्हणायची?"

"म्हणायची..." मुक्ताने आईसारखा हात कमरेवर ठेवला, "मेल्या, सासूसारखा अडून बसू नकोस!"

सदाशिवच्या तोंडून हसण्याचा एक आवाज निघाला, आणि तो मधेच मोडला. मुक्ताने त्याच्याकडे बघितलं नाही. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

---

एकादशीच्या सकाळी तो अंघोळ करून मशीनवर बसला. बाहेर शेजारच्या तिवारी चाचीच्या अंगणात उसाचा मांडव बांधणं चालू होतं. पाला खसखसत होता.

त्याने बोटं फडक्याला पुसली. नट धरला. तो घट्ट बसला होता, मेणाने. जरा जोर लावला तसा एकदम सुटला आणि फिरला. मेणाचा पापुद्रा त्याच्या अंगठ्याला चिकटून आला. त्याने तो बघितला, काय करावं कळेना. मग जाडा दोरा ओढून त्याच अंगठ्याखालून घेतला. मेण दोऱ्याला लागलं.

जाडी सुई बसवली. तुकडा घातला. हातचाकाने चार टाके.

खाली फासे.

नट आवळला. चार टाके. फासे लहान झाले. पुन्हा आवळला. आता खालची बाजू गुळगुळीत झाली, पण वरचा दोरा तारेसारखा सरळ पडून राहिला आणि प्रत्येक भोकातून खालच्या दोऱ्याचे पांढरे ठिपके वर डोकावायला लागले. जास्त झालं. थोडा सैल केला. आता दोन्हीकडून सारखं दिसत होतं, पण दिसण्यावर त्याचा विश्वास राहिला नव्हता. त्याने कातडं कापायची रापी घेतली आणि तुकडा टाक्यावरून आडवा कापला. दोन्ही दोऱ्यांची गाठ खालच्या कडेला आली होती. गाठ कातड्याच्या पोटात बसली पाहिजे, असं कांचन म्हणायची. तो ऐकायचा आणि पुढचा पट्टा कापायचा. आता त्याने तुकडा पुन्हा घातला. नट केसभर. कापला. पुन्हा केसभर. कापला. गाठ मधोमध आली.

मग लीव्हर. त्याचा स्क्रू सैल करताना हात घसरला आणि बोटाची साल निघाली. त्याने बोट तोंडात घातलं. लोखंडाची आणि तेलाची चव. टाका लांबवला तसा ताण पुन्हा बिघडला, कारण लांब टाक्याला दोरा जास्त लागतो, आणि सगळं पहिल्यापासून. घाम मानेवरून शर्टात उतरत होता. पायाशी तुकड्यांचा ढीग वाढत होता. दोन टाक्यांमध्ये आता चांगली जागा राहत होती, कातड्याला धरून राहायला जागा.

नवा तंग त्याने नव्याने कापला. कडा घासल्या, घडी घातली, हातोडीने बसवली. मग शिवायला घेतला. बारीक टाका पायाखाली पळत होता, हा लांब टाका ठेचत चालायचा. धप्, धप्. सुई वर येताना कातडं तिच्याबरोबर उचलायचं आणि वरचा लोखंडी पाय ते दाबून धरायचा. बकलाजवळ दोनच ओळी घातल्या. तिसरी घालायचा मोह हातात आला होता, तो त्याने आवरला.

दाराच्या वर छताला एक कडी होती, पूर्वी पाळण्याची. त्याने स्टुलावर चढून तंगाचं एक बकल दोराने कडीला बांधलं, दुसऱ्यात फासासारखा दोर अडकवला आणि खाली उतरून ओढून बघितलं. मग पुन्हा स्टुलावर चढला.

"हाय राम! चाचाजी!"

तिवारी चाची प्रसादाचं ताट घेऊन दारात उभी होती. ताट तिच्या हातातून निसटलं, शिंगाडे आणि रताळी घरभर घरंगळली. "ऐ मुक्ता! अरे कोई है! चाचाजी, ऐसा मत करो! आज एकादशी है!"

"पैर में है, भाभी!" सदाशिव स्टुलावरून ओरडला. "गले में नहीं, पैर में! पैर डाल रहा हूँ!"

"पैर काहे में?"

"तंग है! घोड़ी का तंग! वजन देख रहा हूँ!"

चाची छातीवर हात ठेवून उंबऱ्यावर बसली. सदाशिवने दोरात पाय घातला, दोन्ही हातांनी वर धरलं आणि स्टूल ढकललं. सगळं अंग त्याच्यावर टाकलं. मग उड्या मारल्या. एक म्हातारा माणूस दारात एका पायावर लोंबकळत उड्या मारतोय हे चाचीने नंतर गल्लीभर सांगितलं. पट्टा करकरला. टाके हलले नाहीत.

"टिक गया?" चाचीने शेवटी विचारलं.

"अभी तक तो," सदाशिव म्हणाला आणि शिंगाडे वेचायला लागला.

---

छुट्टनने तंग घेतला. कड वाकवली, नखाने टाका उचकून बघितला, गुडघा लावून दोन्ही हातांनी ओढला. मग रिकिबीत पाय घालून चढला, एका बाजूला झुकला, दुसऱ्या बाजूला झुकला. बायको पानाचा डबा मांडीवर धरून तयारच होती. डबा तसाच राहिला.

"ठीक है," तो उतरत म्हणाला. "अब आप घर जाइए चचा. आराम कीजिए."

पण सदाशिव घरी गेला नाही. संध्याकाळी वरात निघाली तिथे तो मैनेच्या डाव्या बाजूला होता. पुढे बँड, दोन्हीकडे डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेल्या बाया, मधे नाचणारे, आणि मैनेवर सेहरा लावलेला धिप्पाड नवरदेव. त्याच्या वजनाने खोगीर चांगलंच खाली बसलं होतं. सदाशिवची नजर घोडीच्या पोटावरून हलत नव्हती. तो कुणाच्या पायावर पाय देत होता, जनरेटरच्या गाडीला धडकत होता.

"चचा, अब तो जाइए," लगाम धरलेला छुट्टन दातांतून म्हणाला. "लोग समझेंगे घोड़ी बीमार है."

"थोड़ा और."

नोटा ओवाळणाऱ्या एका तरुणाने त्याचा हात धरून नाचायला ओढलं. सदाशिवने सोडवून घेतला.

"अंकल, आप लड़की वालों की तरफ़ से हैं?"

"नहीं. घोड़ी की तरफ़ से."

तरुणाला ते फार आवडलं. त्याने ओरडून सगळ्यांना सांगितलं.

मांडवाच्या दाराशी आल्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ मैनेच्या पुढ्यातच लावली. पहिल्याच आवाजाला ती मागच्या पायांवर गेली. बायका किंचाळल्या. नवरदेव एका अंगाला कलला, त्याने आयाळ धरायला हात टाकला, हात सेहऱ्यात अडकला, आणि त्याचं सगळं धूड उजव्या रिकिबीवर आलं. छुट्टन लगामाला लोंबकळला. सदाशिव घोडीच्या पोटाशी वाकला. काय करणार होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. धरणार होता बहुधा.

खोगीर करकरलं. बोटभर सरकलं. तिथेच थांबलं.

मैनेचे पुढचे पाय खाली आले. नवरदेव सरळ झाला, सेहरा एका कानावर. "अरे भाई, फोटो आया क्या?" त्याने विचारलं आणि मित्र ओरडायला लागले.

शिडी लावून त्याला उतरवलं. ओवाळणं सुरू झालं, बँड थांबला, सगळी गर्दी नवरदेवामागे आत गेली. रस्त्यावर मैना, छुट्टन आणि फटाक्यांचा लाल कागद उरला.

सदाशिवने घोडीच्या पोटाखाली हात घातला. बकलापासून सुरुवात करून एकेक टाका बोटाने चाचपत गेला, मधापर्यंत, आणि पुढे दुसऱ्या बकलापर्यंत. सगळे जागच्या जागी. पट्टा मैनेच्या घामाने ओला झाला होता. आणि ऊन. इतका ऊन की त्याने हात काढला नाही. तिचा श्वास चालला होता तसा पट्टा हातावर येत होता, मागे जात होता. तो वाकलेलाच राहिला, गाल खोगिराच्या कडेला टेकून. छुट्टनने एकदा बघितलं आणि तोंड दुसरीकडे करून विडी पेटवली. विडी अर्धी होईपर्यंत तो तसाच धूर सोडत उभा राहिला.

"चचा," मग तो म्हणाला, "बग्गी वाली का लगाम भी बनना है. परसों से वो भी जाएगी."

सदाशिव सरळ झाला. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "चमड़ा कैसा चाहिए उसका? ऐसा ही?"

"नहीं, पतला. वही जो चची लगाती थीं."

"पतला," सदाशिव म्हणाला. त्याने बोटाच्या चिमटीत हवेतच नट धरला आणि उलटा फिरवला. "तो फिर ढीला करना पड़ेगा. सुबह चमड़ा दे जाना. देर मत करना, टाँका बिठाने में टाइम लगता है मुझे."